वंशेतिहासाची स्थानिक साधने : शहापूर व मुरबाड

वंशेतिहासाची स्थानिक साधने : एखाद्या कुटुंबाची वंशपरंपरा, नातेसंबंध, वसतिस्थान, धारण केलेली जमीन व व्यवसाय यांचा मागोवा घेण्यास उपयोगी पडणारी, मर्यादित प्रदेशातील लिखित व मौखिक प्रमाणे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात त्यांचा येथे विचार केला आहे. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली आणि तेथील परगण्यांच्या अभिलेखागारांत ती दप्तरे अभ्यासकास एकत्रित मिळतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात असे एकच सलग दप्तर नाही. शेतसारा, वतन, शाळा, तीर्थयात्रा, जंगल अशा निरनिराळ्या कारणांनी कुटुंबाचा शासनाशी वा धर्मसंस्थेशी संबंध आला, त्या त्या वेळी त्याची नोंद झाली. अशा विखुरलेल्या नोंदी जुळवूनच येथील वंशावळ सिद्ध करावी लागते.

प्रदेश व प्रशासकीय पार्श्वभूमी : सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील या दोन तालुक्यांतून थळघाट, माळशेज घाट व नाणेघाट हे देशावर जाणारे मार्ग निघतात. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सिमुक, सातकर्णी इ. सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमांच्या वर त्यांची नावे कोरलेली आहेत. राजकुलाची नोंद अशी दगडावर टिकली. सामान्य रयतेची नोंद मात्र प्रामुख्याने महसुली कागदांतून पुढे आली. शहापूरजवळील माहुली किल्ल्याच्या परिसराने निजामशाही, मोगल व मराठे अशा सत्ता पाहिल्या. १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण ब्रिटिशांकडे आले. शहापूरचा प्रदेश कोळवण या जुन्या मुलखाशी निगडित होता व मोखाडे हा महाल एके काळी शहापूर तालुक्यास जोडलेला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मोखाडे, जव्हार व वाडे हे शेजारचे तालुके त्यात गेले. त्यामुळे पूर्वजांचे गाव आज ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या नावाखाली जुने कागद सापडतील असे नाही. शोधास आरंभ करण्यापूर्वी गाव, पाडा, तालुका व जिल्हा यांची कालक्रमाने नोंद करून घेणे इष्ट ठरते. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली इ. समाजांची येथे जुनी वस्ती असून प्रत्येकाची साधने काहीशी वेगळी आहेत.

जन्म-मृत्यूची नोंद : गाव नमुना १४ ही जन्म-मृत्यूची नोंदवही लोकभाषेत ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते. तीत जन्मलेल्या वा मृत व्यक्तीचे नाव, बापाचे नाव, जात, तारीख, मृत्यूचे कारण इ. तपशील आढळतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात या वह्यांचा शोध घ्यावा लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या स्तरावरील निबंधकाकडे मिळतात. कोतवाल बुकात नवजात अर्भकाचे नाव पुष्कळदा नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. अशा वेळी बापाचे व आजाचे नाव, पाडा आणि भावंडांच्या जन्मांतील अंतर यांवरून व्यक्ती निश्चित करावी लागते.

जमिनीचे दप्तर : वंशशोधाच्या दृष्टीने हे सर्वांत समृद्ध साधन होय. एकोणिसाव्या शतकातील मोजणी व जमाबंदी यांतून तयार झालेल्या सूडपत्रक, शेतवार पत्रक इ. कागदांत भूमापन क्रमांकानुसार खातेदारांची नावे मिळतात. ती भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयात पाहावी लागतात. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीस प्रारंभ झाला. तेव्हापासून जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) उतरू लागला. खातेदार मयत झाल्यावर होणारा वारसाचा फेरफार ही वस्तुतः एक छोटी वंशावळच असते : मृताचे नाव, मृत्यूचा सुमार, वारसांची नावे, त्यांची वये व मृताशी नाते एवढा मजकूर एका नोंदीत सापडतो. गाव नमुना ६-क ही वारसांची नोंदवही या माहितीस पूरक ठरते. आजच्या सात-बारा उताऱ्यावर वर्तुळांत दिलेले फेरफार क्रमांक धरून एकेक पायरी मागे जाणे, ही शोधाची सर्वांत खात्रीची रीत आहे. १९४८ च्या कुळकायद्याखालील प्रकरणांत जमीन कसणाऱ्यांची, तर तानसा (१८९२), भातसा इ. जलाशयांसाठी झालेल्या भूसंपादनाच्या कागदांत हितसंबंधितांची नावे मिळतात. बुडिताखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत हे कागदच काही वेळा गावाची अखेरची यादी ठरतात.

लिपी, कालगणना व परिभाषा : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेचसे कागद मोडी लिपीत आहेत [⟶ मोडी लिपि]. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही व शब्द सलग लिहिलेले असतात. त्यामुळे नाव व जात यांच्या वाचनात जाणकाराचे साहाय्य आवश्यक असते. कालगणना निरनिराळ्या सनांत आढळते. शकात ७८, फसली सनात ५९० व सुहूर सनात ५९९ मिळविल्यास स्थूलमानाने इसवी सन मिळतो. वर्षारंभ भिन्न असल्याने एका वर्षाचा फरक संभवतो. ‘बिन’ व ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. यांतील अखेरची संज्ञा विशेष महत्त्वाची आहे. चार भावांपैकी थोरल्याचे नाव ‘ए. कु. मॅ.’ म्हणून लागले व पुढे ती अक्षरे नकलेत गळाली, तर धाकट्या भावांचे वंशज कागदोपत्री जमिनीस पारखे होतात. मुलींची नावेही जुन्या वारसनोंदींत बहुधा आढळत नाहीत. ती शाळेच्या दप्तरात, सोयरिकीच्या आठवणीत वा सासरच्या गावच्या नोंदींत शोधावी लागतात.

इतर लिखित साधने : प्राथमिक शाळांच्या सर्वसाधारण नोंदवहीत (जनरल रजिस्टर) विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख व पूर्वीची शाळा यांची माहिती असते. तीतील जन्मतारीख काही वेळा शिक्षकाने अंदाजाने घातलेली असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नासिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव व गाव यांनुसार यजमान कुटुंबांच्या नामावळी असतात. थळघाटामार्गे नासिक जवळ असल्याने या भागातील यात्रेकरू कुटुंबांसाठी त्या पाहण्याजोग्या आहेत. पाटील, देशमुख, देशपांडे इ. वतनदार घराण्यांची माहिती महजर, करीने, कैफियती तसेच १८७४ च्या वतन कायद्याखालील चौकशीच्या कागदांत मिळते. पेशवेकालीन साधनांसाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, तर ब्रिटिश अंमलातील पत्रव्यवहारासाठी मुंबई पुराभिलेखागार पाहावे लागते. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर व्यक्तींची वंशावळ देत नसले, तरी तत्कालीन समाज, गावे व जमीनधारणा यांची पार्श्वभूमी त्यातून कळते.

मौखिक साधने : ज्या कुटुंबांकडे जमीन नव्हती व ज्यांची मुले शाळेत गेली नाहीत, त्यांच्या बाबतीत वृद्धांची स्मृती हेच प्रधान साधन ठरते. कूळ, कुलदेवत, सोयरिकीची गावे, जुन्या घरांची जोती, विहिरी, दफनभूमी व देवस्थाने यांची माहिती गावातील एकाहून अधिक वृद्धांकडून स्वतंत्रपणे घेऊन ताडून पाहावी. सन आठवत नसल्यास सर्वज्ञात घटनेशी सांगड घालावी, उदा., १९१८ ची इन्फ्ल्यूएंझाची साथ किंवा २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना आलेले हौतात्म्य. केवळ आडनावाच्या साम्यावरून नाते मानणे चुकीचे ठरते. मुकणे हे जव्हारच्या महादेव कोळी राजघराण्याचे आडनाव कातकरी समाजातही आढळते.

कायदेशीर महत्त्व : वंशशोध हा येथे केवळ जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० व इतर मागासवर्गांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे महत्त्वाचे मानले जातात; ते बहुधा आजा-पणजाच्या नावाचे असल्याने अर्जदारास त्यांच्याशी असलेले नाते वंशावळीने जोडून दाखवावे लागते. ठाकूर जमातीशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये असे स्पष्ट केले, की जमातीच्या चालीरीतींशी आप्तभाव तपासणे ही दाव्याची एकमेव कसोटी नव्हे आणि स्वातंत्र्यपूर्व कागदांस मोठे प्रमाणमूल्य आहे. वनहक्क अधिनियम, २००६ खाली आदिवासींव्यतिरिक्तच्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. या अधिनियमाच्या नियमांत वंशावळ व वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन यांनाही पुराव्याचे स्थान दिलेले आहे. एकसाली पट्ट्यांची कागदपत्रे व जंगलात शेती केल्याबद्दल भरलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या यांनाही त्यामुळे मोल आले.

मर्यादा व जतन : प्रत्येक नोंद तिच्या प्रयोजनापुरतीच विश्वसनीय असते. सारा वसूल करण्यासाठी लिहिलेल्या कागदात सारा देणाराच दिसतो. शेतमजूर, स्त्रिया व वीटभट्ट्यांवर हंगामी स्थलांतर करणारी कातकरी कुटुंबे त्यातून सुटतात. नोंद नाही म्हणून कुटुंब नव्हते, असे अनुमान काढणे अशास्त्रीय होय. म्हणून किमान दोन स्वतंत्र साधनांचा मेळ बसल्याखेरीज वंशावळीतील दुवा निश्चित मानू नये आणि जो दुवा अनुमानाने जोडला असेल, तो तसा स्पष्ट नमूद करावा. अतिवृष्टीच्या या प्रदेशात दमट हवा, वाळवी व हाताळणी यांमुळे जुने कागद झपाट्याने जीर्ण होतात. जुन्या महसुली अभिलेखांच्या संगणकीय प्रतिमा घेण्याचे काम राज्यात हाती घेण्यात आले आहे. तथापि प्रतिमा मिळाली तरी मोडी वाचणारा मनुष्य लागतोच. वृद्धांची स्मृती तर कागदाहूनही अल्पायुषी असते. यास्तव वंशशोधाचा आरंभ कचेरीतून न करता घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून करावा, तिने सांगितलेली नावे दिनांकासह लिहून घ्यावीत आणि मग त्या नावांच्या आधारे दप्तराकडे वळावे, हा क्रम श्रेयस्कर ठरतो.