आज्ञावलीतील वाटा आणि ‘गोटू’

संगणकाची आज्ञावली म्हणजे क्रमाने लिहिलेल्या सूचना. संगणक त्या सामान्यतः वरून खाली, एकामागून एक पाळतो. मात्र कधी अट पाहून वेगळी वाट घ्यावी लागते, तर कधी तीच कृती पुनःपुन्हा करावी लागते. कोणती सूचना केव्हा अमलात यावी, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस नियंत्रण-प्रवाह म्हणतात.

फोर्ट्रान, बेसिक यांसारख्या जुन्या भाषांत या कामी ‘गोटू’ ही आज्ञा सर्रास वापरली जाई. ‘गोटू १००’ असे लिहिले की संगणक थेट १०० क्रमांकाच्या ओळीवर जाई. लिहिणाऱ्यास हे सोयीचे. वाचणाऱ्यास मात्र त्या ओळीवर आपण कोणत्या वाटेने आलो आणि वाटेत काय घडले, हे उमगत नसे.

१९६६ साली ब्योम आणि याकोपिनी यांनी दाखवून दिले की क्रम, निवड व आवर्तन या तीन रचना कोणत्याही गणनेस पुरेशा आहेत. १९६८ साली डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी ‘गोटू’ला घातक ठरविणारे पत्र प्रसिद्ध केले. कागदावरील क्रम आणि प्रत्यक्ष घडणारा क्रम यांतील अंतर कमीत कमी असावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९७४ साली डोनाल्ड क्नूथ यांनी सरसकट बंदीही योग्य नसल्याचे सोदाहरण मांडले. आजही लिनक्सच्या गाभ्यात, चूक आढळताच घेतलेली साधने परत करण्यासाठी, ‘गोटू’ शिस्तीने वापरले जाते.

शिस्त सुटली की काय होते, हे २०१४ साली दिसले. ॲपलच्या प्रणालीत, सुरक्षित संपर्काची पडताळणी करणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या अधीन होती. दुसरी अटीबाहेर पडल्याने प्रत्येक वेळी अमलात येई. परिणामी पुढील स्वाक्षरी-तपासणी टळे आणि कोणतीही चूक नोंदली नसल्याने ‘सर्व ठीक’ असे उत्तर मिळे. बनावट संकेतस्थळही खरे म्हणून खपू शकले असते. त्या दोन्ही ओळी अटीच्या महिरपी कंसात असत्या, तर दुसरी निरुपद्रवी ठरली असती.

संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आज्ञावली चालवितो संगणक, परंतु ती वाचतात आणि दुरुस्त करतात माणसेच. म्हणून आपण आखलेली वाट मागून येणाऱ्यास सहज दिसेल, अशीच ती लिहावी.