गिधाडांचं बिल

मराठीत गिधाडाबद्दल कुणी बरं बोलल्याचं आठवतं का? म्हाताऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारे पुतणे गिधाडासारखे टपून बसतात, दुष्काळात व्यापारी गिधाडं होतात. एक जटायू सोडला तर या पक्ष्याच्या वाट्याला कौतुक नाही. अशा बदनाम पक्ष्याच्या कामाचा पैशांत हिशेब मांडायला दोन अर्थतज्ज्ञ बसले, आणि जो आकडा आला तो वाचून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

आधी काम काय ते पाहू. गावात बैल मेला की तो गावाबाहेर नेऊन टाकायचा, एवढंच माणसाचं काम. थोड्याच वेळात आभाळात ठिपके घिरट्या घालू लागत, आणि मोठा थवा उतरला तर तासाभरात हाडं तेवढी उरत. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल, की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथंच संपतात. या सफाईला ना पगार, ना डिझेल, ना टेंडर.

मग १९९०च्या दशकात भारतातली गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं प्रमाण सांगायचं तर १९९२मध्ये जिथं हजार होती, तिथं २००७मध्ये जेमतेम एक. कुणाला रोगाची साथ वाटली, कुणाला कीटकनाशकांचा संशय आला. उत्तर २००४मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलं, पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातून. गुन्हेगार होतं डायक्लोफेनॅक, आपल्या गुडघेदुखीवरचंच औषध. ते स्वस्त झालं तसं लंगडणाऱ्या बैलांना आणि सुजलेल्या कासेच्या गायींना सर्रास टोचलं जाऊ लागलं. उपचारानंतर लगेच जनावर मेलं, की त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाई. मूत्रपिंडं बंद पडत. शवविच्छेदनात आतले अवयव युरिक आम्लाच्या थराने खडूसारखे पांढरे झालेले दिसत. गिधाडं थव्याने जेवतात, त्यामुळे एक विषारी पंगत पुष्कळांना पुरे. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत औषध असलं, तरी एवढा संहार होऊ शकतो असं गणित निघालं.

आता बिल. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी त्यासाठी वापरलेली युक्ती साधी आणि विलक्षण आहे. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांना भरपूर थारा होता आणि जिथं मुळातच फारसा नव्हता, अशा दोन्हींची मृत्यूंची आकडेवारी त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. औषध स्वस्त होईपर्यंत दोन्ही रेषा जवळपास सोबत चालत होत्या. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. मेलेली ढोरं उघड्यावर कुजत होती, भटक्या कुत्र्यांना मेजवानी आणि रेबीजला वाट मिळाली होती, काही ठिकाणी घाण पाण्यात उतरत होती. २००० ते २००५ या काळातले जादा मृत्यू सुमारे पाच लाख. पैशांत नुकसान वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर. हा निबंध २०२४चा आहे.

मेलेल्या माणसांचे डॉलर कसे केले, हा प्रश्न अंगावर येतो. हिशेबात एका जिवापाठी सुमारे ६,६५,००० डॉलर धरले आहेत. हा कुणाच्या जिवाचा बाजारभाव नाही. धोक्याच्या कामासाठी माणसं किती जादा मजुरी मागतात, अशा व्यवहारांवरून ही रक्कम बांधतात. मला ती पद्धत पूर्ण पचत नाही. पण शून्य त्याहून खोटं आहे, आणि आजवर आपण शून्यच लिहीत होतो. गंमत म्हणजे रेबीजची लस विकली गेली की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. गिधाडाने बैल फस्त केला तर त्याची कुठेच नोंद नाही. त्या औषधाची कुपी स्वस्त होती, कारण खरी किंमत तिच्यावर छापलीच नव्हती.

२००६मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध तेव्हा हाताशी होतं. पण हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. गेलेले कोट्यवधी परत यायला किती पिढ्या लागतील, ते ज्याने त्याने मोजावं.

मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीवर पारशी समाज आपली पार्थिवं शतकानुशतकं गिधाडांच्या स्वाधीन करत आला. पक्षी गेल्यावर तिथं सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. पावसाळ्यात ढग दाटले, की ती चालत नाहीत.