शॉवरमधील शिळे पाणी

शिखरजीची यात्रा आटोपून कुटुंब बारा दिवसांनी घरी परतते. खाली दुकान, वर राहते घर, गच्चीवर पाण्याची टाकी. बाजारपेठेतील कित्येक घरांची हीच रचना असते. खिडक्या उघडल्या जातात, गाद्यांना ऊन दाखवले जाते. प्रवासाचा शीण घालवण्यासाठी कोणी प्रथम शॉवरखाली उभे राहते आणि चावी फिरवताच ओल्या गोणपाटासारखा कुबट वास अंगावर येतो. दुसऱ्या दिवशी न्हाणीघर फिनाईलने धुतले जाते. दोन दिवस फिनाईलचा दर्प टिकतो, तिसऱ्या दिवशी जुना वास पुन्हा हजर होतो.

फरशी कितीही घासली तरी हा वास जात नाही, कारण त्याचे ठिकाण डोक्याच्या वर असते. पूर्वी बंबातून घंगाळात पाणी काढले जाई, तांब्याने अंगावर घेतले जाई आणि स्नान झाले की घंगाळ पालथे पडे. तळाशी थेंब उरत नसे. शॉवरचे तोंड तर मुळातच पालथे टांगलेले असते. तरीही ते रिते होत नाही. त्याची छिद्रे इतकी बारीक असतात, की पाणी स्वतःच्याच ताणाने तेथे अडकून राहते. हवा आत शिरत नाही, म्हणून पाणी खाली उतरत नाही. वाटीभर पाणी अंधारात, उबेत, दुसऱ्या दिवशीच्या स्नानापर्यंत तसेच पडून राहते. पाहुण्यांच्या न्हाणीघरात ते महिनाभरही राहते.

अशा पाण्यातील जिवाणू आतील पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात. शास्त्रज्ञ त्यास ‘बायोफिल्म’ म्हणतात. बोअरचे जड पाणी असेल तर क्षारांचा पांढरा, खडबडीत थर या वस्तीला आयताच आधार देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. ज्या घरी गीझरची कॉइल वारंवार बदलावी लागते, त्या घरी शॉवरच्या पोटात काय साचले असेल याचा अंदाज सहज बांधता येतो.

मातकट, कुबट वासामागे पुष्कळदा ‘जिऑस्मिन’ नावाचे द्रव्य असते. मातीतील काही जिवाणू आणि पाण्यातील नीलहरित शेवाळ ते निर्माण करतात. पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध बऱ्याच अंशी याच द्रव्याचा. लिटरभर पाण्यात त्याचे काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. अंगणात हवाहवासा वाटणारा गंध न्हाणीघरात नकोसा वाटतो, हा जागेचा गुण!

जैन घरांतील वडीलधाऱ्यांना यातले मर्म नव्याने सांगावे लागत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे मानणाऱ्या परंपरेने साचलेल्या पाण्याकडे सदैव सावधपणे पाहिले. पाणी गाळण्याचे वस्त्र काम होताच सुकत टाकावे, ही शिस्त आजीच्या हाताखाली वाढलेल्या प्रत्येक सुनेला ठाऊक असे. आज तेच वस्त्र नळाला कायमचे बांधलेले आढळते आणि दिवसभर ओले राहते. कधी कधी वास शॉवरचा नसून त्या कापडाचा असतो.

हा प्रश्न केवळ नाकाचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. शॉवरमधून पाण्याबरोबर सूक्ष्म तुषार उडतात आणि ते थेट श्वासात जातात. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ उद्भवली. तिला कारण ठरलेल्या जिवाणूस पुढे ‘लेजिओनेला’ हे नाव मिळाले. साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस उष्णतेचे साचलेले पाणी त्याला मानवते. २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नऊ शहरांतील शॉवर तपासले, तेव्हा सुमारे तीस टक्क्यांत फुफ्फुसाचा आजार घडवू शकणारा एक मायकोबॅक्टेरियम लक्षणीय प्रमाणात आढळला. धडधाकट माणसाने भिण्याचे कारण नाही. मात्र दमेकरी आजोबा किंवा केमोथेरपी चालू असलेली सून घरात असेल, तर कुबट वासाकडे दुर्लक्ष करणे महागात पडू शकते. अशा व्यक्तीसाठी जुना शॉवर सरळ बदलावा आणि डॉक्टरांना विचारावे; तोवर बादली-तांब्या बरा, त्यात तुषार कमी उडतात.

विजेच्या बचतीसाठी गीझर ४० अंशांवर ठेवण्याची काटकसर व्यापारी मनाला पटते, पण ती येथे अंगाशी येते. टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापू द्यावे आणि थंड पाणी नळाशी मिसळावे. मुलांना भाजू नये म्हणून आधी थंड पाणी सोडावे, हे ओघाने आलेच.

सफाईस हात घालण्यापूर्वी वासाचा माग काढणे श्रेयस्कर. शॉवरचे पाणी स्वच्छ पेल्यात धरून तो पेला दुसऱ्या खोलीत न्यावा आणि तेथे हुंगावा. पाण्याला वासच नसेल तर बहुधा नहाणी ट्रॅप कोरडा पडलेला असतो. त्यातील पाणी आटले की गटाराचा वायू वर येतो आणि दोष बिचाऱ्या शॉवरवर जातो. तेथे दोन तांबे पाणी ओतले की काम झाले. केवळ गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल तर गीझर उघडून दाखवावा. घरातील सर्वच नळांना वास येत असेल तर टाकी पाहावी. उन्हाळ्यात धरणातील पाणी खाली गेल्यावर साऱ्या गावाच्या पाण्याला मातकट वास येतो, तेव्हा मात्र घरच्या घरी फारसे काही करता येत नाही.

दोष शॉवरचाच ठरला तर प्लंबरची वाट पाहण्याचे कारण नाही. बहुतेक शॉवर हाताने फिरवून निघतात. न निघाल्यास कापड गुंडाळून मग पान्हा लावावा, म्हणजे चकाकीवर ओरखडे उठत नाहीत. लिटरभर कोमट पाण्यात चार मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे. ढोकळ्यासाठी ते स्वयंपाकघरात असतेच. शॉवरचे तोंड त्यात बुडवताच बारीक बुडबुडे येऊ लागतात. क्षार विरघळत असल्याची ती खूण होय. चकचकीत मुलाम्याला अर्धा-पाऊण तास पुरे, साध्या प्लास्टिकला दोन-तीन तास चालतात, सोनेरी मुलाम्याच्या वस्तूवर हा प्रयोग टाळावा. नंतर जुन्या टूथब्रशने आतून घासावे, जोडाजवळची जाळी वेगळी काढून धुवावी आणि रबरी वायसर काळा, बुळबुळीत झाला असल्यास नवा घालावा. पुष्कळांचे लक्ष या वायसरकडे जातच नाही आणि वास तेथूनच परततो. हातात धरायच्या शॉवरची लवचीक नळी आतून घासता येत नाही. ती बदलणेच स्वस्त पडते. पुन्हा बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे द्यावेत.

संडास धुण्याचे तीव्र आम्ल येथे कदापि वापरू नये. ब्लीचिंगचे द्रावण आणि कोणतेही आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. लिंबूसत्त्वालाही हा नियम लागू आहे.

अनेक श्राविकांच्या मनात येथे एक संकोच असतो. घासण्याने, आम्लाने सूक्ष्म जीवांचा घात होतोच. मग हे करावे तरी कसे? गृहस्थाच्या घरकामात घडणाऱ्या हिंसेला शास्त्रकारांनी आरंभी हिंसा म्हटले आहे. ती सर्वस्वी टळत नाही, परंतु तिचे निमित्त कमी करता येते. दर आठवड्याला जहाल औषध ओतणाऱ्या घरात ती वाढते. ओल टिकू न देणाऱ्या घरात ती घटते. स्नानानंतर शॉवरचे तोंड तिरके करून हलवले की अडकलेले पाणी ओघळून जाते. नळीला लोंबता वेढा राहू देऊ नये, पडदा पसरून ठेवावा, पंखा किंवा खिडकी अर्धा तास चालू-उघडी असावी. पाहुण्यांच्या न्हाणीघरातील शॉवर आठवड्यातून एकदा सोडावा. पाणी अप्काय आहे, याचे भान ठेवून ते बादलीत धरून फरशीसाठी वापरावे. तोंड बादलीत खाली धरले म्हणजे तुषारही उडत नाहीत.

लांबच्या यात्रेला निघताना शॉवरचे तोंड काढून, कोरडे पुसून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवावे. नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर आटत नाही. परतल्यावर खिडकी उघडून नळीतील पहिले पाणी बादलीत काढावे, मग फडक्यातील शॉवर आट्यांवर बसवावा.