घराजवळ निर्धास्त, देशाची धास्ती

‘तुम्हाला कधी असुरक्षित वाटतं का?’ नेदरलँड्सची सरकारी सांख्यिकी संस्था लोकांना हा प्रश्न नेमाने विचारते. 2021 मध्ये तिघांपैकी साधारण एकाने ‘हो’ म्हटलं. स्वतःच्या वस्तीबद्दल विचारल्यावर मात्र सातांपैकी एकच जण ‘हो’ म्हणाला.

रात्रीचं सामसूम स्टेशन, अनोळखी रस्ता यांचीही भीती त्यात आहेच. पण घराजवळचा परिसर माणूस डोळ्यांनी पाहतो. उरलेला देश त्याला बातम्यांतूनच दिसतो. टीव्ही जास्त पाहणाऱ्यांना जग अधिक धोकादायक वाटतं, असं अमेरिकी संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी 1970 च्या दशकातच मांडलं होतं.

प्रत्यक्षात या देशात गुन्हे घटले आहेत. शतकाच्या सुरुवातीला पोलिसांकडे वर्षाला 13 लाखांहून अधिक गुन्हे नोंदले जात. 2021 मध्ये ते 8 लाखांच्या आत आले. तुरुंग ओस पडू लागले. टिलबर्गचा तुरुंग 2010 मध्ये बेल्जियमला भाड्याने दिला गेला, तर फेनहाउझन गावातल्या तुरुंगात 2015 पासून नॉर्वेचे कैदी आले.

मग भीती कुठून येते? सप्टेंबर 1997 मध्ये लेवार्डन शहरात एका तरुणाला भररस्त्यात मारहाण करून ठार करण्यात आलं. देश हादरला, मूक मोर्चे निघाले. पुढे अशा घटना जिथे घडल्या, तिथे लाल-काळ्या ठिपकेदार किड्याचं चित्र असलेल्या फरश्या बसवल्या गेल्या. हे दुःख खरंच होतं. मात्र ‘निरर्थक हिंसा’ या एकाच मथळ्याखाली निरनिराळ्या घटना छापून येऊ लागल्या आणि वाचणाऱ्याला ती लाटच वाटली.

डच वृत्तपत्रं आरोपीचं आडनाव सहसा छापत नाहीत, फक्त आद्याक्षर देतात. हा संयम मोलाचाच. पण तो आरोपीला जपतो, वाचकाची धास्ती कमी करत नाही. 6 जुलै 2021 रोजी प्रसिद्ध गुन्हे पत्रकार पीटर आर. डी व्रीस स्टुडिओतून बाहेर पडले आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या रस्त्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जखमी अवस्थेतली त्यांची दृश्यं लगेच मोबाइलवर फिरू लागली. नऊ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ही बातमी मोठी व्हायलाच हवी होती. पण त्या वर्षी देशात खून वाढले की घटले, हेही त्याच ठळकपणे सांगायला हवं.

आपल्या मराठी वाहिन्यांनीही एवढं करावं: खुनाची बातमी दिवसभर दाखवताना त्या शहरातल्या गेल्या दहा वर्षांतल्या खुनांचे आकडेही पडद्यावर द्यावेत.