पोथीशेजारी ठेवावीत अशी तीन पुस्तके

श्रावणात घरोघर पोथी लागते. पोथी मिटल्यावर झोपेपर्यंत तासभर उरतो. त्या तासासाठी अलीकडची तीन पुस्तके सुचवावीशी वाटतात. कथा-कादंबरी एकही नाही. तिन्हींत खरीखुरी माणसे आहेत.

पहिले शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. मराठीत ते 2015 साली आले आणि 2024 साली इंग्रजीत गेले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या काय शिजले, ते यात आहे. तेल, तूप, दूध यांना या स्वयंपाकात जवळजवळ जागाच नाही. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या आहेत, रक्ती आहे. कृती नीट दिल्या आहेत. पण कोणाच्या ताटात काय पडावे हे जातीने कसे ठरवले, तेही लेखकाने आडपडदा न ठेवता सांगितले आहे. काही घरांत वाचताना नाक मुरडले जाईल. मुरडू द्या, पण पुस्तक मिटू नका. एकाच शिवारात राबणाऱ्या दोन घरांच्या चुली इतक्या वेगळ्या का, हे आपण शेजारी राहूनही कधी विचारलेले नसते. घरातल्या बायकांनी तर हे आधी वाचावे. चुलीची गोष्ट त्यांना चटकन कळते.

दुसरे पुस्तक जड आहे. जयदीप हर्डीकर यांचे 'रामराव' 2021 साली इंग्रजीत निघाले. यवतमाळ जिल्ह्यातला कापूस पिकवणारा हा शेतकरी. 2014 साली त्याने विष घेतले आणि तो वाचला. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात चार ओळींत वाचतो व पान उलटतो. इथे लेखक त्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जातो, त्याचे देणे आणि त्याची शेती समजून घेतो. हे पुस्तक कर्त्या माणसाने एकट्याने वाचू नये, असे मला वाटते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाचायला बसवा, मराठीत अर्थ सांगू द्या आणि सगळ्यांनी ऐका. कर्जाचा आकडा बहुतेक घरांत एकाच्याच टोपीखाली असतो. घरधनिणीला तो सावकार दारात आल्यावर कळतो. पुस्तकाच्या निमित्ताने आपलीही वही एकदा सर्वांसमोर उघडली गेली, तर पुस्तकाचे पैसे वसूल झाले म्हणा.

तिसरे पी. साईनाथ यांचे 'द लास्ट हीरोज', 2022 सालचे. स्वातंत्र्यलढ्यातल्या साध्या खेडूत माणसांना लेखक स्वतः भेटला. क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या हौसाताई यांची हकिगत पोरांना जरूर सांगा. सांगली जिल्ह्यात भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग केले. नवरा झालेल्या सोबत्याने त्यांना खरोखरच बदडले. पोलीस सोडवायला धावले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. मार फार बसला म्हणून त्या नंतर त्याच्यावर रागावल्या, तर सोंग खरे वाटायला नको का, असे त्याचे म्हणणे!

तिन्ही पुस्तके एकदम विकत घेणे सर्वांना जमणार नाही. गावच्या वाचनालयात नावे देऊन मागणी नोंदवा, आणि पाटोळ्यांचे पुस्तक आधी मागवा. ते मराठीत आहे.