आम्ल, सामू आणि रेणूंची ओढ

तीव्र आम्ल म्हणजे घातक आम्ल, ही समजूत रसायनशास्त्रात टिकत नाही. पाण्यात गेल्यावर आम्लाचे किती रेणू हायड्रोजन आयन सोडतात, एवढ्यावरूनच तीव्रता ठरते. जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल जवळजवळ पूर्ण विघटित होते, म्हणून ते तीव्र. ०.१ मोलर ॲसिटिक आम्लात शंभरातला जेमतेम एखादा रेणू आयन सोडतो, म्हणून ते सौम्य. हायड्रोफ्लुओरिक आम्लही सौम्यच, तरी ते काच खाते आणि त्वचेतून उतरून हाडापर्यंत इजा करते. द्रावण संहत की विरल, हा आणखी वेगळा प्रश्न.

हायड्रोजन आयनांचे प्रमाण सामू, म्हणजे पीएच, या आकड्याने सांगतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. ती लघुगणकीय असल्याने सामू ६ वरून ५ वर आला की आयन दहापट होतात. ‘७ म्हणजे उदासीन’ हेही २५ अंश सेल्सिअसपुरतेच खरे. ३७ अंशांना शुद्ध पाण्याचा सामू सुमारे ६.८ असतो, तरीही ते उदासीनच, कारण हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन समसमान असतात.

सर्वांत हट्टी गैरसमज रक्ताबद्दलचा: आंबट खाल्ले की रक्त आम्लधर्मी होते, अल्कधर्मी पाण्याने ते सुधारते. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे साधारण २०:१ हे प्रमाण तो सांभाळते. जादा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे काही मिनिटांत बाहेर टाकतात, मूत्रपिंडे तास-दिवसांच्या गतीने आम्ल आणि बायकार्बोनेटचा हिशेब लावतात. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे तर पेशींमध्ये शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणीच होते. आहाराने लघवीचा सामू बदलतो, हे खरे. पण ते मूत्रपिंडे काम करीत असल्याचे लक्षण आहे. लघवीत बुडवलेल्या सामू-पट्टीचा बदललेला रंग रक्ताची अवस्था सांगत नाही.

सामू बदलला की रेणूंचे परस्परांशी वागणे कसे पालटते, ते दह्यात दिसते. दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. त्यातल्या केसिन प्रथिनाच्या कणांवर ऋण प्रभार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू ४.६ च्या जवळ येतो, निव्वळ प्रभार संपतो आणि कण एकमेकांना चिकटून जाळे विणतात. प्रथिनाच्या साखळ्या तुटल्यामुळे दही लागते, असे मानणे म्हणूनच चूक आहे. सहसंयुज बंध जागेवर राहतात. बदलतात ते कणांमधले दुबळे आकर्षण-प्रतिकर्षण.

तेल आणि पाणी एकमेकांना ढकलतात, ही समजूतही तशीच चुकीची. त्यांच्यात थोडेसे आकर्षण असतेच. मात्र पाण्याचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी जास्त घट्ट जोडलेले असतात, आणि तेलाभोवती त्यांना अधिक शिस्तीने मांडून राहावे लागते. तेलाचे थेंब एकत्र आले की हा संपर्क कमी होतो आणि पाण्याचे रेणू मोकळे होतात. पेशीत प्रथिनाची साखळी घडी घालताना तिचे जलद्वेषी भाग आतल्या बाजूला जातात, ते मुख्यतः याच कारणाने.