शरीरसंपदेची गुंतवणूक

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या या वीराचा देह मढे घाटाने येथे आणला गेला, असे परंपरा सांगते. त्यांच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या तरुणाच्या मनात बलदंड शरीराची आकांक्षा जागी व्हावी, हे स्वाभाविक व स्तुत्यच होय. परंतु बाजार त्याला प्रथम प्रथिनांच्या भुकटीचा डबा दाखवितो. शेतमजुराची किंवा कनिष्ठ कारकुनाची मिळकत पाहता हा सल्ला योग्य आहे काय, याचा विचार व्हावयास हवा.

या परिसरातील डोंगरउतारावर भात-नाचणी पिकविणारा शेतकरी आणि डोक्यावर सरपणाची मोळी वाहणारी त्याची पत्नी यांच्या श्रमांस तोड नाही. तरीही त्यांचे स्नायू पुष्ट दिसत नाहीत. याचे एक कारण असे की, शरीर गरजेपुरतेच बळ उभारते. मोळीचे वजन वर्षानुवर्षे तेच राहते; ते पेलण्याइतके बळ आले की वाढ थांबते. दुसरे कारण म्हणजे श्रमांत खर्ची पडणारी शक्ती अन्नातून भरून निघत नाही. याउलट याच गावांतून मुंबईस गेलेल्या कारकुनास अन्न पुरेसे मिळते, पण शरीरावर भारच पडत नाही. एकाजवळ श्रम आहेत, पोषण नाही. दुसऱ्याजवळ पोषण आहे, श्रम नाहीत.

क्रमाक्रमाने वाढणारा भार हे बलसंवर्धनाचे मूलतत्त्व होय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी अमेरिकी लष्करी रुग्णालयातील जखमी सैनिकांवर याच तत्त्वाने उपचार केले. नवशिक्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा, जोर, ओढण्याचे व वजन उचलण्याचे व्यायाम करावेत. आठ ते बारा आवर्तने सफाईने जमू लागली की वजन थोडे वाढवावे आणि मध्ये एक दिवस विश्रांती घ्यावी. आरंभीच्या काही आठवड्यांत बळ वाढते, ते मुख्यत्वे मज्जासंस्था सरावते म्हणून. स्नायूंची दृश्य वाढ त्यानंतरची. या काळात आरशाकडे पाहून निराश झालेला तरुणच डब्याच्या, किंबहुना क्वचित घातक संप्रेरकांच्याही, आहारी जातो.

आता आहाराचा हिशेब पाहू. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसास रोज सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्यास सत्तर ते पंचाण्णव ग्रॅम लागतात. तीनशे ग्रॅम तांदूळ-नाचणीतून वीसएक, शंभर ग्रॅम कुळथातून बावीस, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून बारा, दोन अंड्यांतून बारा आणि अर्धा लिटर दुधातून सोळा ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ऐंशीच्या पुढे जाते. शिवाय तांदळात उणे असलेले घटक कुळीथ भरून काढतो. भात आणि कुळथाची पिठी हा कोकणी मेळ शास्त्रालाही मान्य आहे. ख्यातनाम संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरीरीने मांडले होते की, आपल्याकडील प्रथिनांची तूट ही बहुतांशी एकूण अन्नाचीच तूट आहे. पोट अर्धे रिकामे असेल, तर महागडी प्रथिनेही इंधन म्हणूनच जळतात.

तथापि, हा साधा आहारदेखील सर्वांच्या आवाक्यात नाही, हे मान्य केले पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळते. कडधान्य मात्र त्या हक्कात नाही. म्हणजे भाताची सोय शासन करते आणि कुळीथ ऐपतीवर सोपविला जातो. शिधापत्रिकेवर कडधान्य आणि शाळेच्या आवारात मुलामुलींसाठी थोडी वजने, एवढी तरतूद डोईजड खचितच नाही.

भांडवलाप्रमाणे शरीरही नियमित व अल्प गुंतवणुकीने वाढते. त्यात झटपट नफा नसतो. तानाजींच्या समाधीस वाहिलेला हार दुसऱ्या दिवशी सुकतो. त्यांच्या गावच्या मुलांच्या ताटात रोज वाटीभर कुळीथ पडला, तर ते स्मारक अधिक टिकाऊ ठरेल.